वहिनी, पास्ता बंद करू नका, पण वजनाचा काटा बाहेर काढा

बोलोन्या, इटली
रविवार

प्रिय सौ. वहिनी,
सप्रेम नमस्कार.

दादाची तीन महिन्यांची साखर काठावर आली म्हणून घरातला पास्ता बंद करायचा का, असं विचारलंत. शिवाय मुलं दर शनिवारी व्हाइट सॉसचाच हट्ट धरतात. बंद करायची गरज नाही. माणशी किती शिजवायचा, किती वेळ शिजवायचा आणि त्यावर काय घालायचं, हे बदलावं लागेल. त्यातही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, पण सुरुवात पुड्यापासून करते.

इथे १९६७ पासून कायद्यानुसार सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करावा लागतो. ड्युरम म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीचा कठीण, पिवळसर गहू. याच्या रव्यातली प्रथिनं जाळं धरतात आणि पिष्टाचे कण त्या जाळ्यात अडकून राहतात. म्हणून पोटात गेल्यावर ते सावकाश सुटतात. पास्त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचं माप) ५० च्या आसपास आणि पांढऱ्या पावाचा ७० ते ७५, यामागचं मुख्य कारण हेच. तेव्हा दुकानात पुडा उलटा करून घटक वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ एवढंच लिहिलेलं असावं. मैदा किंवा ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ दिसलं की परत ठेवा. १०० ग्रॅममागे प्रथिनं १२ ते १४ ग्रॅम असतील तर पास्ता मोडत नाही आणि चिकटही होत नाही. मसाल्याची पुडी आत असलेला झटपट पास्ता मात्र घरात आणूच नका, त्या पुडीत मीठ फार असतं.

होल व्हीटचा पास्ता मिळाला तर जरूर घ्या. त्यात तंतू साध्याच्या दुपटीहून जास्त असतात, पोट साफ राहायला बरं. साखरेच्या दृष्टीने मात्र फरक थोडाच, कारण कोंड्यामुळे ते प्रथिनांचं जाळं जरा कमकुवत होतं. ‘गव्हाचा आहे ना, मग दोन वाढपं चालतील’ असं दादा म्हणेल, त्याला हे वाचून दाखवा.

आता प्रमाण. इथल्या आहारतज्ज्ञांचं माप माणशी ८० ग्रॅम कोरडा पास्ता असं आहे. शिजल्यावर तो १७० ते १९० ग्रॅम भरतो आणि त्यातून साधारण २८० कॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं आणि ५५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. डाळीत किंवा सुपात पास्ता घातला की माप निम्मं, म्हणजे ४० ग्रॅम. तुमच्या घरी दादाला ७०, तुम्हाला ८०, दोन्ही मुलांना ६०-६० आणि आईला ५० धरले तर ३२० ग्रॅम होतात. म्हणजे अर्ध्या किलोच्या पुड्यातला जवळजवळ दोन तृतीयांशच. अंदाजाने ओतलं की पुडा संपतो, कारण कोरडा पास्ता ताटात दिसायला थोडा दिसतो. वजनाचा काटा ओट्यावरच ठेवा. वाटीचं माप इथे कामाचं नाही, पेन्नेच्या नळ्या आणि फुसिलीचे पीळ एकाच वाटीत वेगवेगळे भरतात.

शिजवण्यातल्या चुका सगळीकडे त्याच असतात. प्रत्येक १०० ग्रॅमला एक लिटर पाणी घ्या. पातेलं मोठं हवं, कुकर नको. कुकरच्या वाफेत बाहेरून लगदा होतो आणि आतून अंदाज लागत नाही. पाणी खदखदायला लागल्यावरच पास्ता सोडा आणि पहिली दोन मिनिटं ढवळत राहा. वरचं पिष्ट त्याच दोन मिनिटांत फुगून चिकट होतं, तेव्हा हललं नाही तर गठ्ठे बसतात. पुढे अधूनमधून ढवळलं तरी पुरे. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं, गाळताना पास्त्याला लागतं आणि मग सॉस धरत नाही.

मिठाचं इथलं जुनं प्रमाण लिटरला १० ग्रॅम आहे. आपल्या घरी लोणचं-पापड रोजचं असल्यामुळे ५-६ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर घाला. सॉसमध्ये मीठ अगदी शेवटी, चव बघूनच. पाण्यातलं मीठ पास्त्यात उतरलेलं असतं आणि चीजमध्येही असतंच. आधी घातलं की हमखास खारट होतं.

पुड्यावर ११ मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक तुकडा काढून मधोमध कापा. आत सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. पुरणासाठी बोटचेपी डाळ ओळखता, तशीच ही नजर दोनतीनदा केल्यावर बसते. ठिपका मोठा असेल तर अजून मिनिटभर थांबा. गेलाच असेल तर उशीर झाला. इथला पास्ता दाताला लागणारा असतो तो नुसत्या चवीसाठी नाही. जास्त शिजला की ते जाळं सैल होतं, पिष्ट लवकर सुटतं आणि साखरही लवकर चढते. उरलेलं शिजणं सॉसच्या कढईत होऊ द्या. गाळण्याआधी कपभर पाणी बाजूला काढून ठेवा आणि पास्ता कढईत टाकल्यावर त्यातलं डावभर घालून मोठ्या आचेवर मिनिट-दीड मिनिट परता. त्या पिठूळ पाण्याने तेल आणि टोमॅटो एकजीव होतात, सॉस दाट आणि चकचकीत दिसतो. क्रीमची गरज बहुतेक वेळा इथेच संपते. गाळलेला पास्ता नळाखाली मात्र धुऊ नका, सॉस धरून ठेवणारं पिष्टच वाहून जातं.

आता व्हाइट सॉस. चौघांचा हिशोब मांडून बघा. २५ ग्रॅम लोणी, तेवढाच मैदा, अर्धा लिटर म्हशीचं दूध, वर तीन क्यूब चीज. या सगळ्याच्या जवळजवळ १००० कॅलरी, म्हणजे माणशी अडीचशेच्या आसपास. पास्त्याच्या २८० आहेतच. भाजी म्हणाल तर शोभेपुरती मक्याचे दाणे आणि सिमला मिरचीचे चार तुकडे. त्यासोबत गार्लिक ब्रेड आला की ताट पुरतं पिठाचं झालं. त्याऐवजी टोमॅटोचा सॉस करा. चौघांना ८०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सोला. दोन टेबलस्पून तेलात लसूण हलकी गुलाबी करा, करपली की सगळा सॉस कडवट होतो. मग टोमॅटो घालून उघड्यावर २० मिनिटं आटवा. आपल्याकडचे टोमॅटो आंबट निघाले तर साखर न घालता सुरुवातीलाच एक कांदा आणि एक गाजर किसून परता. तेल आणि टोमॅटो धरून हे माणशी १०० कॅलरींच्या आसपास बसतं. वर किसलेलं चीज माणशी १० ग्रॅम. तेल ऑलिव्हचंच हवं असा आग्रह नाही, घाण्याचं शेंगदाण्याचंही चालेल, फक्त मोजून. एका टेबलस्पूनला १२० कॅलरी असतात आणि बाटली तिरकी केली की तीन चमचे कधी पडले कळत नाही.

तसं पाहिलं तर मी राहते ते बोलोन्या या बाबतीत अनुकरण करण्यासारखं शहर नाही. इथली ताजी ताल्यातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, १०० ग्रॅम मऊ पिठाला एक अंडं घालून लाटतात आणि त्यावर मांसाचा दाट सॉस, रागू. तिचा तोरा एवढा की १९७२ साली शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर असं इथल्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवून ठेवलंय. सणावारी खायला उत्तम. आपल्याला उपयोगी पडणारं खाणं इटलीच्या दक्षिणेकडचं. ॲन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात नेपल्समध्ये हृदयविकार आणि आहार यांचा संबंध शोधायला सुरुवात केली आणि पुढे तो चिलेंतो भागातल्या पियोप्पी गावात राहिला. तिथल्या साध्या घरांत पास्ता कडधान्यं आणि पालेभाज्यांबरोबर असायचा, मांस क्वचित. २०१० साली युनेस्कोने ज्या भूमध्य आहाराला वारसा म्हणून मान्यता दिली, तो हाच.

त्यातला ‘पास्ता ए चेची’, म्हणजे काबुली चण्यांतला पास्ता, तुमच्या हाताला परका वाटणारच नाही. आपलं वरणफळ आठवा, कणकेऐवजी पास्ता आणि तुरीऐवजी चणे. चौघांसाठी २०० ग्रॅम काबुली चणे रात्रभर भिजवा आणि ताज्या पाण्यात कुकरला मऊ शिजवा. बोअरचं पाणी जड असेल तर सोडा अगदी चिमूटभर, नाहीतर साल कडक राहते. निम्मे चणे रवीने घोटून घ्या, दाटपणा त्यानेच येतो. तीन टेबलस्पून तेलात दोन पाकळ्या लसूण, मिळाली तर रोजमेरीची काडी आणि चमचाभर टोमॅटो पेस्ट परता. सगळे चणे आणि शिजवलेलं पाणी धरून सव्वा लिटर होईल इतकं घालून उकळी आली की १६० ग्रॅम छोटा पास्ता थेट त्यातच सोडा. तळाला लागतो, ढवळत राहा. शिजला की लगेच वाढा, कारण पंधरा मिनिटांत तो उरलेलं पाणी पिऊन घट्ट होतो. उशिरा जेवणाऱ्यासाठी चण्यांचं पाणी वेगळं ठेवा आणि पास्ता आयत्या वेळी शिजवा. यात माणशी १५ ग्रॅम प्रथिनं येतात आणि गव्हात जे लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी असतं ते चण्यांतून भरून निघतं. कढीपत्ता घातलात तर माझी हरकत नाही, पण मग त्याला वरणफळच म्हणा.

दुसरा प्रकार सिसिलीचा, फ्लॉवरचा. हा दादासाठी खास, कारण यात माणशी पास्ता ७०-७५ ग्रॅम आणि भाजी २०० ग्रॅम पडते. ८०० ग्रॅम फ्लॉवरचे तुरे चार लिटर मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं, सहज मोडतील इतके उकडा आणि झाऱ्याने काढून घ्या. पाणी फेकू नका, त्यातच ३०० ग्रॅम पास्ता शिजवायचा आहे. कढईत तीन टेबलस्पून तेलावर बारीक कांदा मऊ करा, मूठभर बेदाणे आणि चारोळी घाला (तिथे पाइन नट्स घालतात, पण आपली चारोळी त्या जागी छान बसते), मग फ्लॉवर घालून पळीने चेपत, लागेल तसं पाणी शिंपडत दहा मिनिटं परता. अर्धा मोडून सॉस व्हायला हवा, अर्धा तुकड्यांत राहायला हवा. फ्लॉवर कमी उकडला की इथेच बिघडतं, तुरे वेगळे आणि पास्ता वेगळा राहतो. केशराच्या चार काड्या असतील तर पाण्यात भिजवून घाला. तिकडे खारवलेले छोटे मासेही घालतात, ते वगळा. त्यांच्या जागी सुकट मात्र नको, सगळ्यावर तिचाच वास चढेल.

वरून चीजऐवजी भाजलेला पावाचा चुरा. हे दक्षिणेतल्या गरिबांचं चीज. शिळा पाव कोरडा करून मिक्सरमध्ये जाडसर फिरवा आणि चार चमचे चुरा चमचाभर तेलात मंद आचेवर बदामी होईपर्यंत हलवत राहा. बदामी झाला की लगेच ताटलीत काढा, तापलेल्या कढईत तसाच ठेवला तर करपतो. मुलांना हा कुरकुरीतपणा आवडेल आणि चीजचा हट्टही कमी होईल.

दादासाठी एवढंच सांभाळा: आधी कोशिंबीर किंवा भाजी, मग पास्ता. त्याच जेवणात भात, पोळी, बटाटा, पाव काही नाही. रात्री साडेनऊऐवजी साडेसातला बसला तर फारच उत्तम. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा आणि कोणत्या सॉसवर किती होती ते वहीत लिहा. चारपाच वेळच्या आकड्यांवरून त्याच्या अंगाला काय मानवतं ते कळेल. गोळ्या चालू असतील तर वही डॉक्टरांना दाखवूनच पुढचं ठरवा.

सांगलीत खपली मिळते म्हणून तिचा पास्ता घरी करावा का, हेही विचारलं होतंत. इथे ‘फार्रो’ नावाने खपलीच विकतात आणि तिचा पास्ताही मिळतो. पण तिचं ग्लुटेन, म्हणजे ते प्रथिनांचं जाळं, कमकुवत असल्यामुळे पातळ लाटली की पट्ट्या तुटतात. निम्मा बारीक बन्सी रवा मिसळा, कोमट पाण्याने घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि जाडसर पोळी लाटून बोटभर लांब तुकडे करा. तीन-चार मिनिटांत शिजतात. चण्यांच्या रश्श्यात हे सगळ्यात छान लागतात.

शाळेच्या डब्याला द्यायचा तर फुसिली किंवा पेन्ने घ्या, स्पॅगेटी गार झाली की गोळा होते. शिजल्यावर ताटात पसरून चमचाभर तेल चोळा, पूर्ण गार झाल्यावर काकडी, टोमॅटो, उकडलेला राजमा घालून डबा भरा. उन्हाळ्यात मात्र सकाळी केलेलाच द्या, रात्रीचा नको.

आईला नमस्कार सांगा. तिला दाताला लागणारा पास्ता जड जाईल, तिच्या वाट्याचा दोन मिनिटं जास्त शिजवा. मुलांना पापा.

तुमची नणंद,
सुमा