फाटक उघडे टाकणाऱ्याची जबाबदारी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलाला कुत्रा चावला की आमच्या गावांत पहिला प्रश्न त्या मुलालाच विचारतात. "तू काय केलंस?" दगड मारलास का, शेपटीवर पाय दिलास का, धावलास का? पायातून रक्त वाहत असते, मूल हुंदके देत असते आणि भोवती जमलेली मोठी माणसे त्याची उलटतपासणी घेत असतात. कुत्रा कुणाचा, तो एकटा रस्त्यावर कसा आला, हे विचारायचे कुणाला लवकर सुचत नाही. पुष्कळदा ते विचारलेच जात नाही. मला याचा मनस्वी राग येतो, म्हणून हे पत्र.

आमच्या वाड्यावर हल्लीच घडलेले सांगते. ज्यांचा कुत्रा ती माणसे चांगल्या ओळखीची, चतुर्थीला एकमेकांकडे जाण्यायेण्यातली आहेत, त्यामुळे नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे रोज सकाळी फाटक उघडून कुत्र्याला बाहेर सोडायची रीत. कुत्रा आपला आपण फिरून, मोकळा होऊन परत येतो. गोव्यातल्या कितीतरी घरांची सकाळ अशीच सुरू होते आणि त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटत नाही. त्या दिवशी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा ऐकून पहिलीत जाणारी एक मुलगी पाव आणायला गडग्याबाहेर आली. हातात पिशवी होती. कुत्रा मागून आला आणि त्याने तिची पोटरी धरली.

तिची आई काजूच्या कारखान्यात रोजावर जाते, ती तेव्हा निघायच्या घाईत होती. आम्ही मुलीला नळाखाली धरले आणि साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुतली. पंधरा मिनिटे म्हणजे किती, ते रडणारे मूल धरल्यावर कळते. तोवर एकजण हळद घेऊन आली, दुसरी चुना लावा म्हणाली. दोघींना थांबवावे लागले. जखमेवर हळद, चुना, मिरची काहीही लावायचे नसते. वाहते पाणी, साबण आणि तडक दवाखाना, एवढेच करायचे असते. दात कातडीच्या आत गेले होते, म्हणजे तिसऱ्या, सर्वांत गंभीर श्रेणीचा चावा. अशा चाव्याला नुसती रेबीजची लस पुरत नाही, इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते आणि ते जखमेच्या आत व भोवती टोचतात. फाटलेल्या पोटरीत सुई जाताना त्या पोरीने आईचा दंड असा आवळला होता की आईच्या दंडावर नखे उठली.

संध्याकाळी कुत्र्याचे मालक आले. माणसे वाईट नाहीत, चेहरा उतरलेला होता. पण बोलणे ठरलेल्या वाटेने गेले. "आमचा कधी कुणाला चावत नाही हो." "तिने काहीतरी केलं असणार." "लस दिलेली आहे, घाबरू नका." लसीचे कार्ड मागितले तर ते सापडेना. शेवटी, "इंजेक्शनचे पैसे आम्ही देतो." सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. म्हणजे देऊ केले ते जे लागलेच नव्हते. लागला तो आईचा रोज. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लसीसाठी जायचे, दर वेळी तिचा खाडा, मुलीची शाळा बुडते, बसची वाट बघायची. आणि ती मुलगी आता भोंगा ऐकला की आत पळते. हा हिशेब त्या बैठकीत कुणी मांडला नाही. दोन्ही घरांत "मिटवून टाका" असाच सूर होता आणि मिटले.

आता ज्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे ती. आपण 'पाळीव' आणि 'भटके' असे दोन कप्पे करतो, पण आपल्या गावांतले अर्धेअधिक कुत्रे मधल्याच कप्प्यात असतात. दारात उरलेला भात-हुमण मिळते, नाव असते, रात्री अंगणात भुंकून राखण करतात, चोर आला नाही तर श्रेय त्यांना मिळते. तोवर "आमचा मोती". चावला की एका क्षणात तो कुणाचाच उरत नाही. "आमचा कुठला, असाच येऊन बसतो." मालकी अशी नाहीशी होते तेव्हा नुसते भरपाईचे प्रकरण लटकत नाही, चावलेल्या मुलाच्या उपचाराशीही त्याचा संबंध असतो. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते. तो दहा दिवस धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता, हे कळते. ते लक्ष ठेवणार कोण? ज्याने हात झटकले तो? कुत्र्याला हाकलून देऊन किंवा मारून ही माहितीच आपण घालवून बसतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यातून माणूस वाचत नाही असेच धरावे लागते. त्यामुळे लस कुत्र्याच्या वाटेकडे डोळे लावून थांबवायची नसते, ती लगेच सुरू करायची. पण कुत्रा कुणाचा हे कळले तर त्या आईला रात्री झोप तरी लागते.

कायदा याबाबत गप्प नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ सांगते की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असताना जो जाणूनबुजून वा हयगयीने पुरेशी खबरदारी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होते, दंड हजार रुपये होता. म्हणजे ही जबाबदारी काही कालपरवा कुणी लादलेली नाही. त्याच संहितेचे कलम २० सांगते की सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. ज्या वयाच्या मुलाला देशाचा फौजदारी कायदा दोष देत नाही, त्याच्याकडून आपण मात्र कुत्र्यासमोर कसे वागावे याचा जाब मागतो. मुलांना शिकवावे, जरूर शिकवावे: जेवणाऱ्या कुत्र्याला हात लावू नये, पिल्लांजवळ जाऊ नये, कुत्रा अंगावर आला तर पाठ दाखवून पळू नये. मी वर्गात हे वर्षानुवर्षे शिकवत आले. पण सहा वर्षांचे मूल घाबरले की पळणारच, आणि त्याची उंचीच अशी की मोठ्या कुत्र्याचे तोंड त्याच्या गळ्याशी, चेहऱ्याशी येते. खबरदारी घ्यायची ती कडी लावणाऱ्या हाताने.

ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे सात वर्षांचा मुलगा पाळलेल्या पिटबुलच्या हल्ल्यात गेला. एप्रिल २०२५ मध्ये फोंड्याच्या दुर्गाभाट भागात दीड वर्षाची मुलगी रस्त्यावरच्या कुत्र्यांनी मारली. पहिल्या घटनेनंतर रागीट जातींच्या कुत्र्यांबद्दल चर्चा झाली, २०२५ मध्ये विधानसभेने प्राण्यांची पैदास व पाळणूक यांचे नियमन आणि भरपाई यासाठी विधेयक मंजूर केले. चांगले झाले. पण पिटबुल गावात एखादाच असतो. रोजचे चावे आहेत ते तुमच्या-आमच्या दारातल्या साध्या गावठी कुत्र्याचे, आणि त्यांची बातमी होत नाही. भटक्या कुत्र्यांचा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी, लसीकरण आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा यांचे निर्देश आले, ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, बसस्थानके यांच्या आवारांबद्दल आले. यात नगरपालिका आणि पंचायतींवर भार पडला आणि पडायलाच हवा. तरी दिवसा मोकळा सुटणारा 'घरचा' कुत्रा या सगळ्यातून निसटतो. पालिकेच्या लेखी तो पाळीव आणि मालकाच्या लेखी, चावल्यावर, भटका.

मी कुत्र्यांच्या विरोधात नाही. कुत्र्यांच्या रेबीज लसीकरण मोहिमेची माणसे जाळी घेऊन आमच्या वाड्यावर येतात तेव्हा कुत्री दाखवायला मी स्वतः त्यांच्याबरोबर फिरते. त्या मोहिमेमुळेच २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, ही आपल्या राज्याने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. आणि दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा पिसाळल्यासारखा वागतो तेव्हा तिथेही दोष साखळी बांधणाऱ्याचाच. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ दोरीला धरून फिरवणे हे कुत्रा पाळण्यातच येते. ज्यांना ते जमत नाही, वेळ नाही, गुडघे दुखतात, त्यांनी कुणाला तरी सांगावे. रस्ता हे कुत्र्याचे परसू नव्हे, त्याच रस्त्याने मुले शाळेत जातात.

आमच्या पंचायतीला मी लेखी निवेदन दिले आहे आणि येत्या ग्रामसभेत ते वाचून दाखवणार आहे. प्रत्येक घरातल्या कुत्र्याची पंचायतीत नोंद व्हावी, त्यात लसीची तारीख असावी. गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर असावा. ज्याच्या दारात कुत्र्याला रोज जेवण मिळते तो त्याचा मालक, असे धरून नोंद करावी. "असाच येऊन बसतो" हे उत्तर चालवून घेऊ नये. चावा झाला तर दहा दिवस कुत्रा बांधून त्याच्यावर लक्ष ठेवणे आणि मुलाच्या घरच्यांचा बुडालेला रोज भरून देणे ही मालकाची पहिली कर्तव्ये असावीत, पोलिसांत जायचे की नाही हे त्यानंतर मुलाच्या आईवडिलांनी ठरवावे. ज्या कुत्र्याला खरेच कुणी नाही, त्याची नसबंदी आणि लस पंचायतीने पशुवैद्यकीय खात्याकडून करून घ्यावी आणि त्याचीही नोंद त्याच वहीत असावी. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. इतर गावांतल्या वाचकांनी आपापल्या ग्रामसभेत हा विषय घेतला, तर त्यांना आमच्या निवेदनाची प्रत देण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
डिचोली तालुका