मुक्त सॉफ्टवेअरला माहितीपुस्तिकेची जोड हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, वाचनालये आणि लहान कारखानदार यांनी महागडे परवाने विकत घेण्यापेक्षा मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि इतरांना देता येईल असे सॉफ्टवेअर, वापरावे, असा आग्रह धरला जातो आणि तो रास्तच आहे. परंतु विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे काही अडले तर विक्रेत्याला फोन करता येतो; मुक्त सॉफ्टवेअरमागे असा विक्रेता बहुधा नसल्यामुळे माहितीपुस्तिका हाच वापरणाऱ्याचा मुख्य आधार असतो.

ग्रंथालयांसाठीच्या ‘कोहा’ या मुक्त सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली ही प्रणाली उत्तम आहे. मात्र सभासदांचे वर्ग, पुस्तकांचे प्रकार आणि देवघेवीचे नियम आधी भरल्याशिवाय तिच्यातून पुस्तक देता येत नाही. पडद्यावरील प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारा मजकूर जाणकाराला पुरतो, पण नवख्या ग्रंथपालाला आधी काय आणि नंतर काय हे क्रमाने सांगणारे वेगळे लेखन लागते. एकच पुस्तिका दोघांना पुरेल असे मानणे ही या क्षेत्रातील जुनी खोड आहे.

सॉफ्टवेअर बदलले की पुस्तिकाही बदलता आली पाहिजे, म्हणून तीदेखील मुक्त हवी, ही भूमिका ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी मांडली आणि त्यासाठी २००० मध्ये पुस्तिकेची नक्कल व बदल करू देणारा स्वतंत्र परवानाही तयार झाला. मराठीपुरते पाहिले तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरचे चित्रफितींतील पाठ उपयुक्त आहेत. तथापि, एखादा मेनू बदलला की चित्रफीत पुन्हा ध्वनिमुद्रित करावी लागते, तर लिखित मजकुरात एक ओळ सुधारून भागते.

सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंतिम वर्षासाठी दरवर्षी नवनवे प्रकल्प होतात आणि त्यांतील बरेचसे, स्पष्टच सांगायचे तर, निकालानंतर कपाटात जातात. त्याऐवजी एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरची मराठी, तेलुगू किंवा कन्नड पुस्तिका लिहिणे हा प्रकल्प म्हणून ग्राह्य धरावा. या तिन्ही भाषा घरी बोलणारे विद्यार्थी आपल्या शहरात शोधावे लागणार नाहीत. गुण देण्यापूर्वी ते सॉफ्टवेअर कधीही न हाताळलेल्या एखाद्या कारकुनाला केवळ ती पुस्तिका देऊन काम करायला बसवावे आणि तो जिथे अडेल तेवढा भाग विद्यार्थ्यांकडून पुन्हा लिहून घ्यावा.

आपला,
एक वाचक, सोलापूर