आयर्लंडची जहाजे म्हणजे केवळ दुष्काळाची जहाजे नव्हेत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयर्लंडमध्ये १८४५ साली सुरू झालेल्या बटाट्याच्या दुष्काळावरील आपल्या दैनिकातील लेख मी दोनदा वाचला. स्थलांतरितांच्या हालांचे त्यातील वर्णन यथार्थ आहे. मात्र त्या देशाच्या एकोणिसाव्या शतकातील जहाजांचा उल्लेख ‘तरंगत्या शवपेट्या’ एवढाच व्हावा, याचे वाईट वाटले.

कॅनडातील क्वेबेकमध्ये १८४७ साली बांधलेले आणि आयर्लंडमधील ट्रॅली येथील व्यापारी निकोलस डोनोव्हन यांनी विकत घेतलेले ‘जीनी जॉन्स्टन’ हे मुळात मालवाहू जहाज. १८४८ ते १८५५ या काळात त्याने १६ फेऱ्यांत अडीच हजारांहून अधिक माणसे अमेरिका खंडात पोहोचवली आणि एकही प्रवासी वाटेत दगावला नाही. याचे श्रेय कप्तान जेम्स अ‍ॅट्रिज आणि जहाजावरील डॉक्टर रिचर्ड ब्लेनरहॅसेट यांना द्यायलाच हवे. अशा जहाजांच्या पोटात, अमेरिकेकडे जाताना, माणसांना झोपण्यासाठी फळ्यांचे तात्पुरते माचे ठोकत आणि परतताना ते काढून तिथे इमारती लाकूड भरत. म्हणजे स्थलांतराची ही वाहतूक लाकडाच्या जुन्या व्यापाराच्या आधारावरच उभी होती.

पण अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांपेक्षा मला लहान बंदरांतल्या स्कूनरांचे, म्हणजे दोन किंवा अधिक डोलकाठ्यांच्या छोट्या शिडाच्या जहाजांचे, अधिक अप्रूप वाटते. विकलो परगण्यातील आर्क्लो हे अव्होका नदीच्या मुखावरचे बंदर घ्या. वरच्या खोऱ्यातील खाणींचे गंधकयुक्त खनिज येथून बाहेर जाई. टिरेल घराण्याने १८६४ मध्ये येथेच जहाजबांधणीचा कारखाना काढला. जहाजाची मालकी कायद्याने ६४ हिश्श्यांत विभागलेली असल्याने त्यातले काही हिस्से कप्तानाचे, काही नातलगांचे, काही गावातल्या दुकानदाराचे असू शकत, आणि जहाज बुडाले तर त्या साऱ्यांच्या घरी एकाच वेळी आच लागे. परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना १८५० च्या कायद्याने परीक्षेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणाऱ्या स्कूनरच्या कप्तानाला ते लागत नसे. त्याची विद्या म्हणजे बापाच्या शेजारी उभे राहून शिकलेले वारे, भरती-ओहोटी आणि वाळूचे दांडे. या घराण्यांचा धागा अजून तुटलेला नाही, कारण १९६६ साली स्थापन झालेली ‘आर्क्लो शिपिंग’ ही कंपनी टिरेल आणि हॉल या आडनावांच्या कप्तानांनीच उभी केली.

या माणसांचा माग काढणे सोपे नाही. त्या शतकातील जनगणनेची बहुतेक कागदपत्रे उरलेली नाहीत. काही सरकारनेच नष्ट केली, तर काही १९२२ साली डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेली. अशा वेळी खलाशांचे करारपत्रक हाती येते. त्यावर प्रत्येकाचे नाव, वय, जन्मगाव आणि आधीचे जहाज लिहिलेले असते, आणि ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे सहीऐवजी फुलीची खूण असते. १८६३ पासूनची अशी पत्रके आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तर कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात त्यांचा प्रचंड साठा आहे.

लेखमालेचा पुढील भाग येणार असल्यास त्यात आर्क्लोला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक