रविवारच्या कलेक्शनचा हिशोब चर्चच्या दारावर लावा

माननीय संपादक साहेब,

नागपुरात कॅथलिक म्हणून राहणाऱ्या कोणालाही विचारा, ऑफिसात म्हणा सोसायटीत म्हणा, कधी ना कधी हे ऐकावं लागतंच की तुमच्या चर्चला तर बाहेरून पैसा येतो, तुम्हाला काय टेन्शन. बोलणारे वाईट मनाने बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. पण रविवारच्या मिस्साला म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला जी पिशवी फिरते तीत आमच्याच खिशातल्या नोटा पडतात, आणि चर्चचं लाइट बिल, पंखे, माइक, वेदीवरची फुलं-मेणबत्त्या, झाडझूड करणाऱ्याचा पगार, पावसाळ्याआधी छताची डागडुजी असा रोजचा खर्च साध्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतली मंडळी म्हणजे पॅरिश) त्यातूनच भागवावा लागतो. परदेशातला पैसा घ्यायचा तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर तर तो आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच ठरलेल्या शाखेत यावा लागतो, मग पुढे. रविवारच्या पिशवीशी त्याचा काही संबंध नाही.

पण हे पत्र बाहेरच्यांना उत्तर द्यायला नाही लिहून राहिलो. आपल्याच लोकांना आणि आपल्याच फादरांना सांगायचं आहे.

आपले पेंटेकॉस्टल, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथातले, नातेवाईक पगार झाला की आधी दशमांश बाजूला काढतात, पंचवीस हजार आले तर अडीच हजार देवाचे, विषय संपला. आपल्या कॅथलिक कायद्यात तसा आकडा कुठेच नाही. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये म्हणजे चर्चच्या कायद्यात कलम २२२ आहे, त्यात चर्चच्या गरजांना मदत करा असं आहे आणि त्याच कलमात लगेच पुढे स्वतःच्या कमाईतून गरिबांना मदत करा असंही आहे, दोन्ही कर्तव्यं शेजारी शेजारी. आकडा नाही म्हणून आपण दहा-वीसच्या नोटेवर थांबून गेलो. पगार वाढले, मुलांच्या शाळेची फी वाढली, पेट्रोल वाढलं, पिशवीतली नोट तीच राहिली. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्या घरात महिन्याला दोनदा बाहेर जेवण होतं त्या घरातूनही तीच नोट येते आणि लोकांकडे धुणीभांडी करून पोरं शिकवणाऱ्या बाईकडूनही तीच येते.

आता लोकं देत का नाहीत. कंजूष आहेत असं मला नाही वाटत. हेच लोकं आजारी शेजाऱ्याच्या ऑपरेशनला हजारो रुपये काढून देतात, कोविडमध्ये घराघरांतून डबे गेले ते सगळ्यांनी पाहिलं, आणि हे शहरही देणाऱ्यांचंच आहे, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणाऱ्यांना किती लोकं स्वतःच्या पैशाने जेवू घालतात. देतात तिथे पैसा कुठे चालला ते डोळ्यांना दिसतं. चर्चच्या पिशवीत टाकलेला पैसा टाकल्यावर दिसत नाही, एवढीच गोष्ट आहे. साधं गणपती मंडळसुद्धा पावती फाडतं आणि उत्सव झाला की जमा-खर्चाचा कागद लावतं. आमच्या पॅरिशमध्ये वर्षातून एकदा मिस्सा संपताना घाईघाईत आकडे वाचले जातात, तोवर अर्धे लोकं पार्किंगमध्ये पोचलेले असतात.

हिशोब मागितला की काही ज्येष्ठ मंडळी नाराज होतात, फादरांवर विश्वास नाही का म्हणतात. विश्वास आहे, म्हणूनच तर मागतो. संत पौल जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होते तेव्हा त्यांनी करिंथकरांना म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना स्पष्ट लिहिलं की या पैशाच्या बाबतीत आमच्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, देवासमोरच नाही तर माणसांसमोरही सगळं चोख असावं म्हणून, आणि पैशासोबत ख्रिस्ती मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबतीला घेतला (बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय, उघडून वाचा). पौलांना जे कमीपणाचं वाटलं नाही ते आपल्याला का वाटावं? आणि चर्चचा कायदाही तेच म्हणतो. कलम १२८७ सांगतं की लोकांनी दिलेल्या दानाचा हिशोब लोकांना द्यायचा. कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशला फायनान्स कौन्सिल हवीच. ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामाला तो लागला पाहिजे, हे कलम १२६७.

बाहेरच्या पैशाचीच गोष्ट निघाली तर तीही सांगतो. १८२२ मध्ये फ्रान्सच्या लिऑन शहरात पोलिन जारिको नावाच्या तरुण बाईच्या पुढाकारातून मिशनसाठी वर्गणीची सोसायटी उभी राहिली. दहा-दहा जणांचे गट, प्रत्येकाने आठवड्याला एक सू म्हणजे तिथलं अगदी लहान नाणं द्यायचं, देणाऱ्यांत रेशमाच्या कारखान्यात राबणारे मजूर होते. त्या सोसायटीने नंतर मिशनऱ्यांची पत्रं छापून पुस्तिका काढल्या, म्हणजे आपल्या पैशाने कुठे काय काम चाललं ते मजुराला घरबसल्या कळायचं. जगभरची मिशनं त्या नाण्यांवर उभी राहिली. आपल्याला इथे नागपुरात सेमिनरी हिल्सवर राहून शेजारच्या पॅरिशचं कळत नाही.

चर्चच्या दारावर हिशोबाचा जो कागद लावा म्हणतो, त्यावर गरिबांचा वाटा वेगळा लिहिलेला असावा, हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. साधारण १५५ साली रोममध्ये संत जस्टिन यांनी लिहून ठेवलंय की रविवारी जमलेलं दान प्रमुखाकडे ठेवायचे आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे लोक यांचं बघायचे. बायबलच्या जुन्या करारातही, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात, तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा आहे, परक्याने, अनाथाने, विधवेने पोटभर जेवावं म्हणून. म्हणजे लाइट बिल भरून झाल्यावर उरलं तर गरिबांना, असा हा क्रम नाही. किती दिले ते लिहा, कोणाला दिले ते मात्र लिहू नका, घेणाऱ्याचं नाव बोर्डावर कधीच येऊ नये. देणाऱ्याचंही नको.

आणखी एक सांगायचं राहू नये. वस्तीतली कितीतरी घरं आपल्या मेलेल्या माणसासाठी मिस्सा मागायलाच येत नाहीत, पैसे नाहीत म्हणून लाजतात. चर्चच्या कायद्यात पैशाविना गरिबाची मिस्सा अर्पण करा अशी फादरांना आग्रहाची सूचना आहे, आणि गरिबीमुळे कोणी संस्कारांपासून वंचित राहू नये हेही लिहिलंय. हे ऑल्टरवरून म्हणजे वेदीवरून मोठ्याने सांगा ना, एकदा नाही, वारंवार.

काम मोठं नाही. एजी ऑफिस (महालेखापालांचं कार्यालय), रेल्वे, बँका यांतून रिटायर झालेली हिशोबातली माणसं आपल्या पॅरिशमध्ये आहेत, त्यांना बोलवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी मराठीत एक पान दारावर लागू द्या, जमा किती, बिलं किती, पगार किती, ऑक्टोबरच्या मिशन संडेचं आणि गुड फ्रायडेचं कलेक्शन किती जमलं आणि पुढे कधी पाठवलं, गरिबांना किती. आणि आपण घरच्यांनी पगाराच्या दिवशीच ठरवून रक्कम बाजूला काढू, दहा टक्के जमत नसेल तर पाच, तेही नसेल तर दोन, अर्धी चर्चला अर्धी गरजू घराला. ज्या पॅरिशमध्ये असा कागद आधीपासून लागतो त्यांनी त्याचा फोटो काढून शेजारच्या पॅरिशच्या फादरांना पाठवावा ही विनंती.

आपला,
एक कॅथलिक वाचक, नागपूर