टेपवाल्या मामांना, दोन इंचाबद्दल

मामा, नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही ते मला ठाऊक आहे, तुमच्याकडं तो बटनांचा फोन आणि मराठी वाचायचं म्हटलं की तुम्ही चष्मा शोधायला लागता, पण नातू वाचून दाखवील. आणि बाकीच्यांनी पण वाचावं म्हणून उघडंच लिहितेय. त्या दिवशी तुमच्या रिपेरीच्या दुकानातनं बाहेर पडताना मला धड 'येते मामा' पण म्हणता आलं नाही, गळाच भरून आला होता, आणि तुम्हाला वाटलं असणार की बाई पैसे देऊन नुसतीच पळाली. तुम्ही मागितले १५० रुपये! आतल्या बोळातलं दुकान म्हणून का तुम्ही स्वतःला इतकं स्वस्त लावता ते मला अजून कळलं नाही.

सगळं पहिल्यापासनं सांगते, कारण तुम्हाला पण अर्धंच माहीत आहे.

आमचे बाबा गेल्या वर्षी गेले. वडगावच्या घरात त्यांची एक पत्र्याची ट्रंक आहे, त्यात मला ती कॅसेट मिळाली. वरनं बघितलं तर हिंदी पिक्चरच्या गाण्यांची, दुकानातनं विकत घेतलेली, पण मागच्या कडेला जिथं ते दोन चौकोनी खाचे असतात तिथं सेलोटेप चिकटवलेला. ज्यांनी त्या काळात कॅसेटी वापरल्यात त्यांना लगेच कळेल. विकतच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून त्या खाचा उघड्या ठेवलेल्या असायच्या, मग आमच्यासारखी माणसं त्यावर सेलोटेप लावून खुशाल वरनं रेकॉर्ड करायची. म्हणजे बाबांनी काहीतरी भरलंय हे नक्की. डबीवर काही लिहिलं नव्हतं, नुसतं '८८, वैशाख'. ८८ च्या वैशाखात आत्याचं लग्न झालं. मी तेव्हा नऊ वर्षांची.

मी खानापूर तालुक्यात राहते, कॅसेट वाजवायला घरात काहीच नाही, म्हणून बेळगावात एका दुकानात नेली. (२०१४ पासनं कागदोपत्री बेळगावी झालंय, पण कंडक्टर अजून बेळगाव बेळगाव असंच ओरडतो.) त्या दुकानातल्या पोरानं बघितलं न बघितलं आणि घातली मशीनमध्ये, दहा सेकंद काहीतरी म्हशीगत आवाज आला आणि कर्र्र. टेप आत गुंडाळली. त्यानं ओढून काढली आणि म्हणाला मॅडम हे खराब झालंय, टाकून द्या. मी ते शेवयांसारखं बाहेर लोंबणारं टेप पिशवीत घालून रस्त्यावर उभी राहिले आणि खरं सांगते, बाबा गेले तेव्हा पण मी एवढी रडले नव्हते.

तुमचा पत्ता मला एका फुलवालीनं दिला. तुमचं पहिलं वाक्य कन्नडमध्ये, "बर्री अक्का, कुंद्री," या अक्का, बसा. कॅसेट बघायच्या आधी बसायला स्टूल.

मग तुम्ही जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहितेय, नाहीतर लोकांना वाटतं रिपेरी म्हणजे चार स्क्रू. त्या कॅसेटला स्क्रूच नव्हते, कंपनीनं दोन्ही भाग चिकटवलेले. तुम्ही ब्लेडनं कडेकडेनं असं उघडलं जसं आई कैरीचं साल काढायची, घाई नाही, एकदाही जोर नाही. आत टेपवर पांढरी बुरशी. आमच्या घरात पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात, त्यात सदतीस वर्षं ट्रंकेत, काय होणार. आणि ती छोटी पितळी पट्टी असते ना जिच्यावर नमद्याचा तुकडा चिकटवलेला असतो, टेपला हेडवर दाबून धरणारी, तिचा नमदा गळून पडलेला. तुम्ही म्हणालात तेवढं गळलं तरी आवाज जातो, आणि लोक म्हणतात टेप मेली. तुम्ही स्क्रूवाली दुसरी रिकामी कॅसेट काढली, दोन्ही चकत्या तिच्यात बसवल्या, आणि मग स्पिरिटच्या बोळ्यानं टेप पुसायला बसलात, चकती पेन्सिलीनं फिरवत. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये नव्वद मीटरच्या आसपास टेप असते म्हणालात, रुंदी पुरती चार मिलिमीटर पण नाही. नव्वद मीटर! आमच्या आजोबांच्या मागावर एवढ्या लांबीचा उभ्या धाग्यांचा ताणा लावला तर किती लुगडी निघाली असती त्याचा मी बसल्या बसल्या हिशेब करत होते.

तुम्ही पुसत होता आणि आपण गाण्यांवर बोलत होतो. ते पण मला लिहायचंय, कारण एवढ्या वर्षांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं.

मी सांगितलं की आमच्याकडं माणूस आठवायचा म्हणजे आधी त्याचं रेडिओ स्टेशन आठवतं. आजोबांचं सांगली. १९६३ ला सांगली केंद्र सुरू झालं आणि आजोबांनी उधारीवर रेडिओ घेतला, सकाळी भक्तिगीतं लागली की माग सुरू. बाबांचं रेडिओ सिलोन, बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींची बिनाका गीतमाला, आणि बाबांच्या वहीत दर आठवड्याला कुठलं गाणं कितव्या पायदानावर त्याची नोंद, शाळेचा अभ्यास एवढा नीट केला असता तर तहसीलदार झाला असता असं आजी म्हणायची. २०२४ च्या फेब्रुवारीत अमीन सयानी गेले त्या दिवशी बाबांनी तो बंद रेडिओ फडताळातनं काढून टेबलावर ठेवला, पुसला, आणि काही न बोलता दिवसभर तसाच राहू दिला. आईचं धारवाड, कारण शेजारच्या कन्नड अक्कांकडं तेच लागायचं आणि भिंत एकच. आईला कन्नड बोलता यायचं नाही पण पुरंदरदासांची पदं पाठ, अर्थ विचारला तर म्हणायची देवाचंच काहीतरी असणार की.

तेव्हा तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, भीमसेन जोशी कुणाचे, सांगा. मी म्हटलं आमचे, अभंगवाणी. तुम्ही म्हणालात गदगकडचे, रोणचे, कन्नड दासपदं त्यांच्याइतकी कोण गातंय. मग मी कुमार गंधर्व काढले, तर ते तर आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले, १९२४, आणि आयुष्य काढलं देवासला, तिकडं माळव्यात. बाबा सुळेभावीच्या फाट्यावरनं बस गेली की दर वेळी, म्हणजे दर वेळी, खिडकीकडं बोट करून हे सांगायचे, आणि आम्ही भावंडं तोंड वळवून हसायचो. आता त्या फाट्यावर आलं की माझंच बोट वर होतं आणि माझा पोरगा हसतो.

माझी स्वतःची गाणी विचारलीत तर मी लाजले. माझं काय, पाचवीत कन्नडच्या बाईंनी शिकवलेलं एक गाणं अजून येतं, अर्ध्या शब्दांचा अर्थ मला तिशीत कळला. कॉलेजचं वय म्हणजे वडापच्या गाडीतली गाणी, ड्रायव्हर एकच कॅसेट सहा महिने वाजवायचा, आणि त्यातलं एक लागलं की मागच्या सीटवरच्या एका मुलाकडं बघायचं नाही असं ठरवून आम्ही सगळ्या एकदमच बघायचो. लग्न झाल्यावर चार-पाच वर्षं मला कुठलं गाणंच आठवत नाही, का कोण जाणे. आणि पोरगा झाला तो कन्नड पिक्चरवाल्या डॉ. राजकुमारांच्या गाण्याशिवाय झोपायचा नाही, मालकीणबाईंच्या टीव्हीवर लागायचं तेच त्याचं अंगाईगीत. सासूबाई म्हणायच्या मराठी घरातलं पोर कन्नडमध्ये पेंगतंय. पेंगतंय ना, मग झालं!

असो. तुम्ही टेप लावली.

कॅसेट घाई ऐकत नाही, अर्ध्या तासाची बाजू अर्धा तासच घेते, म्हणून नातवानं लॅपटॉपला वायर जोडली आणि आपण तिघं गप्प बसलो, मिक्सर घेऊन आलेल्या त्या बाई पण उभ्याच राहिल्या. आधी खडखड. मग बांगड्या. मग जातं. आत्याची हळद दळताहेत आणि आजी ओव्या म्हणतेय.

मामा, आजी गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तिचा चेहरा फोटोत आहे. आवाज कुठंच नव्हता, आणि मला वाटायचं तो मला आठवतो. तो तसा नव्हताच! मी एवढी वर्षं कुठल्यातरी दुसऱ्याच म्हातारीचा आवाज आजीचा म्हणून सांभाळला होता. खरी आजी जाड आवाजाची, नाकात बोलणारी, ओळ संपताना धाप लागणारी.

आणि मागं ती खडखड चालूच. नातू हुशार पोरगं, त्यानं लगेच कसलं तरी सॉफ्टवेअर उघडलं, नॉइज काढतो म्हणाला, आणि काढला पण. आजी एकदम विहिरीतनं बोलल्यासारखी यायला लागली, स्वच्छ आणि लांब. मी गप्प, मला वाटलं हेच बरोबर असणार, शिकलेलं पोरगं आहे. तुम्ही कान पुढं केलात आणि त्याला म्हणालात, "थांब रे. ते नॉइज नव्हे, माग हाय. हातमाग. पॉवरलूम असं वाजत नाही." आणि मला विचारलंत, "अक्का, घरात लगीन आणि माग कोण चालवतंय?"

तेव्हा मला आठवलं. आत्याची लग्नातली साडी आजोबा स्वतः विणत होते आणि हळदीच्या दिवशीसुद्धा ती पुरी झाली नव्हती. घरात शिव्या, आजीनं दोन दिवस अबोला धरलेला, आणि हा माणूस मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलाय, आडवा धागा नेणारा धोटा इकडनं तिकडं. तुम्ही टेबलावर बोटानं ठोकून दाखवलंत की आजी जात्याच्या फेऱ्यावर म्हणत नाहीये, मागाच्या ठोक्यावर म्हणतेय, फणी आपटली की तिचा शब्द पडतोय. "माग काढलास तर म्हातारीचा ताल जातोय," एवढं बोलून तुम्ही परत मिक्सरच्या बाईंकडं वळलात. दोन दिवस नवऱ्याशी न बोललेली बाई त्याच्याच मागावर ओवी म्हणतेय, हे मला माझ्या घरच्या कोणी सांगितलं नसतं, ते तुम्ही सांगितलंत.

शेवटी शेवटी बाबा येतात. एवढंच, "हां, चालू हाय हाय. कार्टी झोपली वाटतं, उचला तिला, हळद सांडंल अंगावर." कार्टी म्हणजे मी. मग खट्ट आवाज, आणि लगेच खालचं जुनं हिंदी गाणं मधूनच सुरू, जिथं बाबांचं रेकॉर्डिंग संपलं तिथनं, जसं काही झालंच नाही. मी तिथंच उठले आणि पळाले.

आता ते दोन इंच. त्या दुसऱ्या दुकानात चुरगळलेला तुकडा तुम्हाला कापून जोडावा लागला, आणि तुम्ही मला तीनदा सांगितलंत की अक्का दोन इंच गेलं, म्हणजे एक सेकंद, एक शब्द गेला असणार, काय शब्द होता तो विचारून बघा. चूक दुसऱ्याची आणि रुखरुख तुम्हाला. मी रविवारी निपाणीला आत्याकडं गेले आणि पेन ड्राइव्ह लावला. आत्यानं पहिल्यांदा काय म्हणावं? "आईनं किती बेसूर म्हटलंय गं." मग तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग हसायची थांबली. ओवी आली:

शापूरच्या मागावरी, उभा ताणा, धोटा आडवा
लेक चालली निपाणीला, … पंचमीला धाडवा

तुमच्या जोडावर टेप टुक् करून पुढं गेली आणि आत्यानं बरोबर त्याच फटीत शब्द टाकला, डोळे मिटलेलेच. परत लावलं, परत टाकला. चार वेळा लावलं आम्ही.

शब्द 'मुराळी' आहे मामा. माहेराहून लेकीला न्यायला येतो तो, बहुतेक भाऊच. तुमच्यात पण पंचमीला अण्णाच येतो ना न्यायला. आत्याला न्यायला बाबा जायचे, ८८ पासनं, आजारी पडेपर्यंत एकही पंचमी चुकवली नाही.

नातवाला सांगा, मागासकटची फाइलच ठेवायची, दुसरी पुसून टाकली तरी चालेल. तुमच्यासाठी कुंदा आणणार होते पण शुगरचं बोललात म्हणून खानापूरकडचे घरचे पोहे आणते. आणि बाबांचा तो रेडिओ पण घेऊन येते येत्या गुरुवारी, काटा हलत नाही, आतली दोरी सुटलीय असं वाटतं. दीडशेत करून देणार असाल तर मात्र मी भांडणार.

तुमची,
वडगावची अक्का