फौजी वर्गात का झोपतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सतरा वर्षे पायदळात काढून हवालदार म्हणून घरी आलो आणि बेचाळिसाव्या वर्षी लॉ कॉलेजात नाव घातले. वर्ग सकाळी साडेसातला. रात्रपाळीच्या आठवड्यात एमआयडीसीतली सिक्युरिटीची ड्युटी सहाला सुटते. बार कौन्सिलच्या नियमाने विषयवार 70 टक्के हजेरी लागते, म्हणून तसाच येऊन बाकावर बसतो आणि डोळा लागतो. ‘फौजी पोस्टवर झोपला’ म्हणून पोरं हसतात. पोस्टवर झोपणं हा आमच्याकडे केवढा गुन्हा, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

गंमत म्हणजे सुटीच्या रात्रीही झोप येत नाही. दोन तास पहारा, चार तास आराम, पुन्हा पहारा, वर उजाडण्याआधी स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारबंद होऊन मोर्चावर सज्ज राहणं. अंगाला वळण लागलं ते असं. फार उंचावर तर विरळ हवेमुळे झोपेतच श्वास अडखळतो आणि माणूस दचकून उठतो. आता साताऱ्यात शेजारच्या दाराची कडी वाजली तरी मी अंथरुणावर उठून बसलेला असतो. आमच्यातले पुष्कळ जण मिलिटरी कँटीनच्या रमवर भिस्त ठेवतात. मीही ठेवली. झोप लवकर लागते खरी, पण दोन-अडीचला टक्क जाग. वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे करार कायद्याची कलमं डोक्यात का टिकत नाहीत ते कळलं.

डॉक्टरांकडे गेलो तोही बायकोमुळे. घोरता घोरता तुमचा श्वासच थांबतो, म्हणाली. पस्तिशी-चाळिशीत निवृत्त झालेला जवान गुडघ्याचं दुखणं सांगेल, झोपेचं नाही. त्याला तो नाजूकपणा वाटतो. रोज ठरल्या वेळी उठा, हा डॉक्टरांचा सल्ला फौजीला जड नाही, पण शिफ्ट दर आठवड्याला बदलते त्याचं काय?

टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन-मदतसेवा. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर 2023 मध्ये सैन्यदलांसाठी तिचा वेगळा कक्ष सुरू झाला. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक आमच्या प्राचार्यांनी विनंती करताच फलकावर लावला. आता एवढंच मागणं आहे, की नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी संध्याकाळची एक तुकडी काढावी. आम्ही पाच-सहा माजी सैनिक आहोत, शिवाय एक नर्सबाई आणि दोन एसटी कंडक्टर. सगळेच पेंगतात.

– एक माजी हवालदार, सातारा