समारंभाचा हिशेब कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागाई, बेकारी किंवा एखादी आपत्ती डोक्यावर असताना शपथविधी, राज्याभिषेक, शासकीय अंत्यविधी असल्या समारंभांवर सरकारने पैसा खर्च करावा का, यावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात बरीच जुंपलेली दिसते. एक बाजू म्हणते, एवढ्या पैशात कितीतरी लोकांच्या पोटाची सोय झाली असती. दुसरी म्हणते, देशाच्या प्रतिष्ठेच्या वेळी कद्रूपणा शोभत नाही. दोन्ही बाजूंची पत्रे वाचली आणि एक गोष्ट खटकली. आकडा मोठा की छोटा यावर सगळे भांडतात. पण तो आकडा आला कुठून, त्यात काय धरले आणि काय वगळले, याची चौकशी फारसे कोणी करत नाही.

वाद काही आजचा नाही. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले. तेव्हा दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात दुष्काळाने माणसे मरत होती. दरबाराचा थाट वाईट होताच, पण मला त्याहून भयंकर वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याला काटकसर करण्यासाठी दुष्काळी भागात पाठवले गेले आणि दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली गेली. दरबारासाठी तिजोरी उघडी आणि उपाशी माणसासाठी तराजू! त्या दरबारात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, हातच्या सुताची खादी नेसून गेले आणि हिंदी लोकांना ब्रिटिश प्रजेइतकेच हक्क द्या, अशी मागणी त्यांनी तिथेच मांडली. त्यांच्याच सार्वजनिक सभेने दुष्काळी भागातली माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली होती. म्हणजे सभेने नुसता निषेध केला नाही, माहितीही गोळा केली. आजच्या वादात नेमकी ही दुसरी मेहनत दिसत नाही.

खर्चाच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद नेहमी येतो: देशाच्या अंदाजपत्रकाच्या मानाने हा खर्च म्हणजे दर्यात खसखस. गणित खोटे नाही. ६ मे २०२३ रोजी ब्रिटनचे राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला, त्याचा सरकारी खर्च ७ कोटी २० लाख पौंड. दरडोई भागाकार केला तर माणशी एका पौंडाहून थोडा जास्त. मग लोक चिडले का? कारण तिथे त्या काळात वीज-गॅसची बिले आणि अन्नधान्याच्या किमती भडकल्या होत्या, आणि सामान्य माणसाला जपून खर्च करा असे सांगणारे आणि समारंभाचे बिल भरणारे सरकार एकच होते. चिडलेला माणूस भागाकार करत बसत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे झाले की खसखशीचा दाणाही दाताखाली टोचतो.

शिवाय हा खर्च दर वेळी दाण्याएवढाच असतो असेही नाही. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचा हुकूमशहा बोकासा याने ४ डिसेंबर १९७७ रोजी स्वतःला सम्राट म्हणून मुकुट घालून घेतला. त्या सोहळ्याला सुमारे दोन कोटी डॉलर लागले असे मानले जाते. देशाच्या वार्षिक अंदाजपत्रकाचा तो फार मोठा तुकडा होता, आणि त्यातला बराच भार फ्रान्सने उचलला. पुढे दोन वर्षांच्या आत, सप्टेंबर १९७९ मध्ये, फ्रेंच सैन्याच्याच मदतीने त्याला खाली खेचले गेले. पण अशी टोकाची उदाहरणे घेऊन वाद घालणे सोपे असते. खरा घोळ साध्यासुध्या, नियमाने चालणाऱ्या सरकारांच्या हिशेबात असतो.

जपानचे उदाहरण पाहा. माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाल्यावर २७ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांचा शासकीय अंत्यविधी झाला. ऑगस्टअखेर मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २५ कोटी येन मंजूर केले. विरोधकांनी विचारले, बंदोबस्ताचे काय? परदेशी पाहुण्यांच्या सरबराईचे काय? तेव्हा सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारने एकूण अंदाज सांगितला: सुमारे १६६ कोटी येन. दोन आठवड्यांत आकडा साडेसहा पटीहून वर गेला. सुरुवातीला सांगितलेल्या आकड्यात समारंभ होता, पण समारंभामुळे जे जे करावे लागणार होते ते नव्हते. शेवटी प्रत्यक्ष खर्च अंदाजाहून बराच कमी, सुमारे १२० कोटी येन भरला. गंमत अशी की, १६६ कोटींचा तो अंदाज पहिल्या दिवशी विगतवार मांडला असता तर टीका झालीच असती, पण लपवाछपवीचा संशय आला नसता. जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक या अंत्यविधीच्या विरोधात गेले. त्याला इतर कारणे होती, कायद्याचा आधार काय हा प्रश्न होता, आबेंच्या धोरणांवरचे मतभेद होते. तरी आकड्याच्या या उडीने विरोधाला तेल घातले हे नक्की.

ब्रिटनमध्ये हिशेब येतो, पण सावकाश. राणी एलिझाबेथ यांच्या सप्टेंबर २०२२ मधल्या अंत्यविधीचा खर्च, सुमारे १६ कोटी २० लाख पौंड, मे २०२३ मध्ये जाहीर झाला. राज्याभिषेकाचा खर्च जाहीर व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. म्हणजे दीड वर्ष. त्या ७ कोटी २० लाखांपैकी २ कोटी १७ लाख पोलिस बंदोबस्ताचे होते, जवळजवळ तिसरा हिस्सा. दीड वर्षाने कळलेला आकडा वर्तमानपत्रात एक दिवस छापून येतो आणि विरतो. आणि तरीही मी म्हणेन की न येण्यापेक्षा उशिरा आलेला बरा. इराणच्या शाहने १९७१ मध्ये पर्सेपोलिस या प्राचीन राजधानीच्या ठिकाणी अडीच हजार वर्षांच्या राजसत्तेचा उत्सव केला. त्याच्या खर्चाचे सरकारी गोटातले आणि विरोधकांचे आकडे आजही एकमेकांच्या जवळपास येत नाहीत. विश्वासार्ह जमाखर्च समोर नसला की जो तो आपल्या रागाच्या किंवा भक्तीच्या मापाने आकडा सांगतो.

आता दुसरा युक्तिवाद. 'यात जनतेचा पैसा नाहीच, सगळे देणगीदारांनी दिले.' हा ऐकला की माणसे गप्प होतात. होऊ नयेत. अमेरिकेत अध्यक्षांच्या शपथविधीभोवतीची संचलने, मेजवान्या, नृत्यसमारंभ देणग्यांतून होतात. जानेवारी २००५ मध्ये जॉर्ज बुश यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या वेळी हा वाद पेटला होता. इराकमध्ये युद्ध चालू होते, त्सुनामीला महिनाही उलटला नव्हता, आणि शपथविधीच्या समितीने चार कोटी डॉलर गोळा करायचे ठरवले होते. सगळे या चार कोटींवर तुटून पडले. पण त्याच वेळी वॉशिंग्टन शहराच्या महापौरांची तक्रार वेगळीच होती. बंदोबस्ताचा शहराचा खर्च एक कोटी सत्तर लाख डॉलरांच्या वर जाणार होता, आणि त्यातले १ कोटी १९ लाख शहराने अंतर्गत सुरक्षेसाठी मिळालेल्या अनुदानातून भागवावेत, असे केंद्र सरकारचे म्हणणे होते. म्हणजे मेजवानी देणगीदारांची, आणि रस्ते अडवण्याचा खर्च शहराच्या सुरक्षानिधीतून. गाजावाजा एका आकड्याचा झाला, झळ दुसऱ्याची बसणार होती. २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीआधी तर खर्चाला केंद्राची मदत मिळावी म्हणून मावळत्या अध्यक्षांनी राजधानीसाठी आणीबाणीची स्थितीच जाहीर केली होती. सोहळ्यासाठी आणीबाणी! (मंदीत होरपळणाऱ्यांना हा शब्द कसा वाटला असेल, कोण जाणे.)

आणि देणगी म्हणजे काय, हेही पाहायला हवे. २००५ मध्ये एका देणगीदाराला अडीच लाख डॉलरपर्यंत देता येत होते. ओबामांनी २००९ मध्ये ती मर्यादा ५० हजारांवर आणली आणि कंपन्यांकडून पैसे घेतले नाहीत. २०१३ मध्ये मात्र कंपन्यांना दार उघडले. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या समितीने सुमारे १० कोटी ७० लाख डॉलर जमवले. कायद्याने देणगीदारांची नावे नव्वद दिवसांत द्यावी लागतात, पण पैसा कशावर खर्च झाला ते त्या अहवालात सांगण्याचे बंधन नाही. त्या २०१७ च्या समितीने ट्रम्प यांच्याच हॉटेलला अवाजवी पैसे दिले असा दावा राजधानीच्या ॲटर्नी जनरलनी (मुख्य सरकारी वकिलांनी) लावला, आणि २०२२ मध्ये आरोप मान्य न करता साडेसात लाख डॉलर देऊन तो मिटवण्यात आला. खासगी पैसा म्हणून कोणी विचारू नये, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. सत्तेवर येणाऱ्या माणसाच्या मांडवाला जो खांब पुरवतो, तो उद्या दारात उभा राहिला तर त्याला नाही कोण म्हणणार?

मग समारंभ रद्दच करावेत का? माझे मत तसे नाही. सत्ता चार लोकांसमोर, उघड्यावर, शपथेने घेतली जावी यात अर्थ आहे. २० जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चौथ्यांदा शपथ घेतली ती व्हाइट हाउसच्या दक्षिण सज्जात. संचलन नाही, आणि भाषण सहाशे शब्दांच्याही आतले. युद्ध चालू होते आणि त्यांची प्रकृतीही ढासळली होती; बारा आठवड्यांनी ते गेले. पण शपथ लोकांसमोर झाली आणि कुठेही काही उणे राहिले नाही.

त्याच वेळी साधेपणाला भुलण्याचेही कारण नाही. टांझानियाचे तत्कालीन अध्यक्ष जॉन मागुफुली यांनी ९ डिसेंबर २०१५ चा स्वातंत्र्यदिन सोहळा रद्द केला. देशात कॉलऱ्याची साथ होती. त्यांनी तो दिवस सफाईचा ठरवला आणि स्वतः रस्त्यावर उतरून कचरा उचलला. वाचलेले पैसे दार-ए-सलाममधल्या रस्त्याच्या रुंदीकरणाला दिले. जगभर कौतुक झाले, आणि ते रास्तच होते, कारण पैसे कुठे जाणार हे नाव घेऊन सांगितले गेले होते. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने विरोधी पक्षांच्या जाहीर सभांवर बंदी घातली, त्यानंतर काही वृत्तपत्रेही बंद पाडली. खर्चिक सोहळ्याप्रमाणे काटकसरही टाळ्या मिळवून देते, आणि टाळ्यांच्या आवाजात पुढचे प्रश्न बुडतात. 'समारंभ रद्द, रक्कम मदतनिधीला' अशी घोषणा कुठेही झाली की ती रक्कम खरोखर वर्ग झाली का, कधी, आणि त्यातून काय झाले, हे विचारायला सहसा कोणी परत जात नाही.

म्हणून संपादक महोदय, माझे मागणे सरकारकडे नंतर, आधी आपल्याकडे आहे. कोणत्याही मोठ्या शासकीय समारंभाची बातमी देताना खर्चाचा एकच आकडा छापू नये. बंदोबस्त, वाहतूक, पाहुण्यांची व्यवस्था, सुट्टी दिली असेल तर तिचा भार, स्थानिक संस्थेच्या माथी काय पडले, देणगीदार कोण, हे त्या आकड्यात आहे की नाही ते बातमीतच लिहावे. मिळाले नसेल तर 'संबंधित खात्याने दिले नाही' एवढे तरी छापावे. आणि सहा महिन्यांनी आपल्या प्रतिनिधीने त्याच खात्यात जाऊन अंतिम बिल मागावे, मिळेपर्यंत दर महिन्याला मागावे, आणि मिळाले की पहिल्या बातमीच्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावे. समारंभाच्या दिवशी आठ पाने छायाचित्रांना देता येतात, तर त्याच्या बिलाला पाव पान जड जाऊ नये.

कळावे.
आपला,
एक नियमित वाचक